कोलकाता ते आगरतळा : विमानाने ३३० किमी आणि रस्त्याने १६०० किमी? कोणीतरी समजावून सांगा

रानजाई | ८ जुलै २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर प्लीज हलवा.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, यांच्या नोकरीमुळे गेली सहा वर्षं कोलकात्यात आहोत. मुलाला एनआयटी आगरतळ्याला सीट मिळालीय, ऑगस्टच्या सुरुवातीला हजर व्हायचंय. आम्ही सगळे खूप खूश, मला तर वाटलं की पोरगं किती जवळ राहिलं, नकाशात बघितलं तर कोलकात्यापासून अगदी हाताच्या अंतरावर दिसतं, मधे बांगलादेश आणि पलीकडे लगेच आगरतळा. एका साइटवर अंतर टाकलं तर ३३० किमी आलं. म्हटलं चला, सातारा ते मुंबईला अडीचशे किमी आहे, त्याच्यापेक्षा थोडं जास्त, आपली गाडी काढू, सामान भरू आणि सोडून येऊ.

मग मॅपवर ड्रायव्हिंगचं टाकलं तर सोळाशेच्या आसपास. मी तीनदा परत टाकलं. वाटलं दुसरंच कुठलं तरी आगरतळा घेतंय. निळी रेघ वर सिलिगुडीपर्यंत जाते, तिथून गुवाहाटी, तिथून परत खाली. जवळजवळ पाचपट!

विमानाने का जात नाही असं विचाराल म्हणून आधीच सांगते, यांचं जूनच्या शेवटी डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पडदा सरकला होता, डॉक्टरांनी विमान पूर्ण बंद सांगितलंय. आणि मुलाला सोडायला जायचंच असा यांचा हट्ट आहे. शिवाय सामान बरंच आहे, कॉम्प्युटर, पुस्तकं, गादी, तेवढं विमानात कुठे नेणार.

तर दोन प्रश्न. एक म्हणजे हे एवढं अंतर का, मधून जाताच येत नाही का? आणि दुसरा, गाडीने गेलो तर किती दिवस लागतील, पावसाळ्यात रस्ता कसा असतो? कोणी गेलंय का?

सह्यकडा | ८ जुलै, रात्री ११:१५

मुलाचं मनापासून अभिनंदन ताई! मी गेलेलो नाही, पण धागा वाचत राहणार.

अक्षवृत्त | ९ जुलै, सकाळी ७:०५

पहिल्या प्रश्नाचं मी सांगते, शाळेत भूगोल शिकवते.

साइटवर दिसलेलं ३३० हे दोन बिंदूंमधलं पृथ्वीच्या पाठीवरचं सर्वात जवळचं अंतर. घरी कागदावर पण काढता येतं. कोलकाता साधारण २२.५७ उत्तर, ८८.३६ पूर्व. आगरतळा २३.८३ उत्तर, ९१.२८ पूर्व. अक्षांशातला फरक १.२६, एका अंशाला १११ किमी, म्हणजे उत्तरेला १४० किमी. रेखांशातला फरक २.९२, पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात म्हणून या पट्ट्यात एक अंश १११ चा न राहता १०२ च्या आसपास भरतो, म्हणजे पूर्वेला २९८ किमी. आता पायथागोरस लावा, ३२९ येतात. मुलाला करून बघायला सांगा, आवडेल त्याला.

आता तुलनेसाठी आपल्याकडचं बघा. मुंबई ते कोल्हापूर सरळ रेषेत ३०० च्या आसपास आणि रस्त्याने पावणेचारशे. मुंबई-पणजी सरळ ४१०, रस्त्याने सहाशेच्या जरा आत. म्हणजे घाट, खाड्या, वळणं सगळं धरूनही आपल्याकडे सव्वापट, फार तर दीडपट होतं. डोंगर-नद्यांमुळे अंतर पाचपट होत नाही हो. कोलकाता आणि आगरतळ्याच्या मधे तर डोंगर नाहीच, सपाट भातशेतीचा प्रदेश आहे, नद्या मात्र प्रचंड, पद्मा आणि मेघना. हे पाचपट झालं ते १९४७ च्या फाळणीच्या रेषेमुळे.

रॅडक्लिफची रेषा १७ ऑगस्ट १९४७ ला जाहीर झाली. त्रिपुरा तेव्हा संस्थान होतं. महाराजा बीर बिक्रम त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते, युवराज लहान, राणी कांचनप्रभादेवी कारभार बघत होत्या. १५ ऑक्टोबर १९४९ ला त्रिपुरा भारतात विलीन झालं. पण तोपर्यंत त्याच्या तिन्ही बाजूंना पूर्व पाकिस्तान झालेलं होतं. आजही त्रिपुराची ८५६ किमी सीमा बांगलादेशशी आहे, भारताशी जोडणारी बाजू फक्त ईशान्येची, आसाम आणि मिझोरमकडची.

त्याआधी आगरतळ्याची माणसं कोलकात्याला कशी जायची माहितेय? गावाबाहेर काही किलोमीटरवर आखाउडा स्टेशन, तिथून गाडीने चांदपूर, चांदपूरहून स्टीमर गोआलंदोला आणि गोआलंदोहून परत रेल्वे थेट सियालदह. ते आखाउडा स्टेशन आता बांगलादेशात आहे, आगरतळ्याहून जवळजवळ चालत जाण्याच्या अंतरावर.

ट्रान्सपोर्टवाला | ९ जुलै, सकाळी ९:३०

ताई गाडीने जाऊ नका. आमच्या गाड्या गुवाहाटी लाइनला असतात म्हणून सांगतो.

हिशोब बघा. कोलकाता ते मालदा सव्वातीनशेच्या घरात. म्हणजे विमान जेवढ्या किलोमीटरमधे आगरतळ्याला उतरतं तेवढ्यात तुम्ही अजून बंगालमधेच, गंगेवरचं फरक्का धरण नुकतंच ओलांडलेलं असणार. मालद्याहून सिलिगुडी, तिथे कोलकात्यापासून पावणेसहाशे-सहाशे होतात. सिलिगुडी ते गुवाहाटी साडेचारशे-पावणेपाचशे. आणि गुवाहाटी ते आगरतळा साडेपाचशे, तो टप्पा खरा दमवणारा. शिलाँगचा चढ, मग जोवाई, तिथून खाली सोनापूर, राताछेरा, बदरपूर, करीमगंज (आता श्रीभूमी नाव झालंय), चुराईबाडीला त्रिपुराची हद्द लागते, मग कुमारघाट, मनू, अंबासा, तेलियामुरा.

सोनापूरला दर पावसाळ्यात दरड येते. तिथे डोंगराच्या कडेने बोगद्यासारखं छत बांधलंय, चिखल वरून जावा म्हणून, पण तरी रस्ता बंद होतो. एकदा बंद झाला की दोन्हीकडे ट्रकांची रांग, कोळसा आणि सिमेंटचे ट्रक, आमचा माणूस एकदा तीन दिवस अडकला होता तिथे, पाणी आणि बिस्किटं संपली होती. फॅमिली घेऊन ऑगस्टमधे मी तरी म्हणणार नाही. डिसेंबर असता तर म्हटलं असतं जा, चार दिवस ठेवा आरामात.

एक गोष्ट चांगली, एनआयटी जिरानियाला आहे, ते याच हायवेवर आगरतळ्याच्या २०-२५ किमी अलीकडे पडतं. परमिट वगैरे त्रिपुराला लागत नाही.

रानजाई | ९ जुलै, दुपारी १:१०

अक्षवृत्त ताई किती छान समजावलंत, मुलाला दाखवलं, त्याने लगेच साइनकोसाइन लावून ३२९ पूर्णांक काहीतरी काढलं आणि तुमचं बरोबर आहे म्हणाला.

ट्रान्सपोर्टवाला दादा, वाचून पोटात गोळा आला. पण मधून, म्हणजे ढाक्यावरून जाता येत नाही का? कोणीतरी म्हणालं बस होती.

कॅम्पातली | ९ जुलै, दुपारी ३:४८

बस होती ताई. ढाका-आगरतळा बस २००३ पासून आणि कोलकाता-ढाका-आगरतळा अशी आरपार बस जून २०१५ मधे सुरू झाली, पंतप्रधान ढाक्याला गेले होते तेव्हा. १६५० किमीचा प्रवास ५०० वर आला असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. पण व्हिसा लागतो, आणि गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमधे तिकडे जे झालं, सरकार बदललं, तेव्हापासून कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस सुद्धा बंदच आहे. आत्ता मुलाला आणि आजारी माणसाला घेऊन त्या वाटेचा विचार करू नका. स्वतःची गाडी घेऊन आरपार जाणं तर नाहीच. भारत, बांगलादेश, भूतान, नेपाळ यांचा गाड्यांचा करार २०१५ मधे थिंफूला सही झालाय, पण सर्वसामान्य माणसाने गाडी काढावी आणि निघावं असं काही अजून झालेलं नाही.

मी लहानपणी आगरतळ्याला राहिलेय, बाबा सीमा सुरक्षा दलात होते. ९० चं दशक. तेव्हा आगरतळ्यापर्यंत रेल्वेच नव्हती! १९६४ मधे धर्मनगरला आली आणि मग कुमारघाटपर्यंत, तेवढीच. पुढे डोंगरातून आसाम-आगरतळा रोड, आणि त्या रस्त्यावर गाड्या एकेकट्या सोडायचे नाहीत, कॉन्व्हॉय असायचा. सकाळी एका जागी सगळ्या बस-ट्रक-जीप जमायच्या, पुढे मागे जवानांच्या गाड्या आणि मग लाँगथराई, आठारामुरा, बारामुरा असे एकामागून एक डोंगर. आम्ही कोल्हापूरला आजीकडे यायचो तर एका बाजूला सहा दिवस लागायचे. आई डब्यात दशम्या आणि तिळाची चटणी घ्यायची, तिसऱ्या दिवशी पर्यंत पुरवायची.

आणि संध्याकाळी बाबा कधी कधी चेकपोस्टच्या बाजूला फिरायला न्यायचे. पलीकडे रेल्वेची शिटी ऐकू यायची. मी विचारायचे की बाबा ती गाडी कुठे जाते, आपण तिच्यात का नाही बसत, एवढी जवळ तर आहे. बाबा म्हणायचे ती त्यांची गाडी आहे. मला काही केल्या कळायचं नाही.

आता परिस्थिती खूप सुधारलीय, काळजी करू नका. तिथली माणसं फार मायाळू आहेत, अननस जगात भारी, आणि मुलाला बंगाली येत असेल तर घरच्यासारखंच वाटेल.

ओपीडी | ९ जुलै, रात्री ९:२०

रानजाई, तुमच्या प्रवासापेक्षा तुमच्या मिस्टरांच्या डोळ्याबद्दल विचारतो. पडद्याच्या ऑपरेशनमधे डोळ्यात गॅस भरलाय की सिलिकॉन ऑइल? डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं असेल, कृपया बघून सांगा.

रानजाई | ९ जुलै, रात्री ९:५५

डॉक्टर, सी३एफ८ असं लिहिलंय. गॅस. का हो?

ओपीडी | ९ जुलै, रात्री १०:३०

मग नीट वाचा आणि त्यांनाही वाचून दाखवा.

विमान बंद सांगितलं त्याचं कारण असं की वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो आणि डोळ्यातला गॅसचा बुडबुडा फुगतो. डोळा तर बंद गोळा आहे, त्याला फुगायला जागा नाही, मग आतला दाब चढतो, प्रचंड दुखतं आणि डोळ्याला रक्तपुरवठा करणारी वाहिनी दाबली जाऊन नजर कायमची जाऊ शकते. हे विमानातच होतं असं नाही. कोलकाता समुद्रसपाटीच्या जवळ आहे. शिलाँग १५०० मीटर आहे, जोवाई त्याच्या थोडंच खाली. गाडीने गुवाहाटीहून शिलाँगला तुम्ही दोन-तीन तासात चढता. म्हणजे जमिनीवरून गेलो म्हणून सुरक्षित, असं या बाबतीत नाहीये.

सी३एफ८ सहा ते आठ आठवडे डोळ्यात राहतो. जूनच्या शेवटी ऑपरेशन म्हणजे ऑगस्ट अखेरपर्यंत तरी धरून चाला, आणि गॅस पूर्ण गेलाय हे सर्जनने डोळा बघून सांगायचं, आपण आपलं ठरवायचं नाही. तोपर्यंत विमान नाही, घाट नाही, आणि कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली तर डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगायचं, भुलीतला नायट्रस ऑक्साइड चालत नाही.

रेल्वेचा डोंगरी टप्पा शिलाँगएवढा उंच नाही, पण तो चालेल की नाही हे मी इथे बसून सांगणार नाही, तुमच्या सर्जनना विचारा.

रानजाई | ९ जुलै, रात्री ११:४०

डॉक्टर तुमचे कसे आभार मानू. आम्हाला फक्त "विमान नको" एवढंच सांगितलं होतं, किंवा गडबडीत आम्ही तेवढंच ऐकलं असेल. आम्ही खरंच गाडीने शिलाँगवरून निघालो असतो, यांनी तर शिलाँगला एक रात्र राहू, मुलाला धबधबे दाखवू असं सुद्धा ठरवलं होतं. वाचून हातपाय गार पडले. उद्या सर्जनकडे फोन करते.

पावसाळी | १० जुलै, सकाळी ८:१२

ओपीडी सर, दंडवत. माझ्या सासूबाईंना पण गॅस भरलाय, आम्ही पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन महाबळेश्वरला जाणार होतो. रद्द केलं.

खडी_आणि_रूळ | १० जुलै, सकाळी ११:०५

रेल्वेने जा ताई. मी लुमडिंग-बदरपूर टप्प्यावर गेज बदलाच्या कामावर होतो काही वर्षं, ठेकेदाराकडून, म्हणून जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

सियालदहहून कांचनजंगा एक्सप्रेस थेट आगरतळ्याला जाते. अंतर साडेपंधराशेच्या घरात, सकाळी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी रात्री पोचते, दीड दिवसाच्या वर धरा. बोलपूर, फरक्का, मालदा, न्यू जलपाईगुडी, न्यू कुचबिहार, गुवाहाटी, लुमडिंग. इथपर्यंत सपाट. लुमडिंगनंतर दिमा हसाओचे डोंगर सुरू होतात, हाफलाँग, मग बदरपूर, आणि तिथून धर्मनगर-अंबासा करत आगरतळा.

हा मधला टप्पा इंग्रजांच्या काळात आसाम-बंगाल रेल्वेने बांधला, मीटरगेज. आणि कशासाठी बांधला तर वरच्या आसामचा चहा चितगाँव बंदरात न्यायला. म्हणजे ही लाइन मुळात समुद्राकडे जायला होती. फाळणीनंतर पुढचा समुद्र गेला आणि लाइन डोंगरात अर्धवट उरली. आज कोलकात्याहून आगरतळ्याला जाणारी गाडी त्याच लाइनवरून उलटा वळसा घालते. मला तिथे काम करताना हे सारखं डोक्यात यायचं. आगरतळ्यापर्यंत रूळ पोचले २००८ मधे, तेही मीटरगेज, आणि ब्रॉडगेज २०१६ मधे. स्वातंत्र्यानंतर ६१ वर्षांनी एका राज्याच्या राजधानीत पहिली रेल्वे आली, हे लिहिताना सुद्धा वाईट वाटतं.

तिथली माती म्हणजे शेल नावाचा ठिसूळ खडक, पाणी लागलं की विरघळतो. आपल्याकडे सह्याद्रीत बेसॉल्ट आहे, बोगदा खणला की भिंत उभी राहते. तिथे रात्रीत भिंत आत यायची. २०२२ च्या मे महिन्यात न्यू हाफलाँग स्टेशन चिखलाने भरलं, उभी गाडी आडवी झाली, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. लाइन परत चालू व्हायला दोन महिने लागले. तेव्हा सोनापूरचा रस्ताही बंद पडला होता, त्रिपुरा, मिझोराम, बराक खोरं सगळं एकदम तुटलं होतं, पेट्रोलला रांगा होत्या.

म्हणून सांगतो, तिकीट काढा, पण निघायच्या आदल्या दिवशी गाडी चालू आहे का बघा आणि हजर व्हायच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी पोचा.

सामान जास्त असेल तर ब्रेकव्हॅनमधे बुक करा, गादी तिथेच विकत घ्या.

ट्रान्सपोर्टवाला | १० जुलै, दुपारी १२:३०

रूळवाले दादांना सलाम. सरळ वाटेवरून आठवलं, त्रिपुरात पालाटानाला मोठं वीज केंद्र आहे, ७२६ मेगावॅटचं. त्याची टर्बाइन वगैरे एवढी अवजड की शिलाँगच्या वळणांवरून नेणं शक्यच नव्हतं. मग बांगलादेशने परवानगी दिली. बार्जने नदीतून आशुगंजला आणली आणि तिथून लांबलचक ट्रेलरवर आखाउडामार्गे त्रिपुरात. तिथले पूल तेवढं वजन पेलणारे नव्हते म्हणून तितास नदीच्या पात्रात बाजूने तात्पुरता भराव टाकून रस्ता केला, त्याच्यावरून तिकडे बरीच बोंबही झाली, नदी अडवली म्हणून, आणि ती रास्तच होती. २०१३ मधे केंद्र सुरू झालं. नंतर तिथली वीज बांगलादेशला विकायला लागले आणि मार्च २०१६ मधे त्यांनी कॉक्स बाजारहून आगरतळ्याला इंटरनेटची लाइन दिली. आमच्या धंद्यात सगळे म्हणतात की एकदा सरळ वाट पूर्ण उघडली ना, तर त्रिपुरातल्या सिमेंट-कांद्याचे भाव उतरतील. साब्रूमला फेणी नदीवर मैत्री सेतू २०२१ मधे बांधून झालाय, तिथून चितगाँव बंदर ८० किमीच्या आत. आगरतळा-आखाउडा रेल्वे जोडणीचं उद्घाटन नोव्हेंबर २०२३ मधे झालं. पूल आहे, रूळ आहेत, फक्त रोजची गाडी नाही.

परळकर | १० जुलै, रात्री ८:५०

मी परळला राहतो, टाटा हॉस्पिटलच्या आसपास पेशंटच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे देतो, तिथे त्रिपुराची बरीच मंडळी भेटतात. मला आधी वाटायचं आगरतळा म्हणजे कोलकात्याच्या बाजूला कुठेतरी.

एकदा एक गृहस्थ भेटले, बायकोला घेऊन आलेले. विमानाचं तिकीट परवडत नव्हतं म्हणून रेल्वेने, आगरतळ्याहून मुंबईला थेट गाडी आहे पण तिचं रिझर्व्हेशन मिळालं नाही, म्हणून आधी सियालदह आणि मग हावड्याहून मुंबई. पाचव्या दिवशी पोचले. बाई बसूच शकत नव्हत्या एवढ्या थकलेल्या. मी सहज म्हटलं की कोलकाता तर तुम्हाला जवळ. ते म्हणाले, "दादा, ढाका हमसे नब्बे किलोमीटर है, कोलकाता सोलह सौ."

घरी येऊन नकाशा बघितला, खरंच होतं. ढाका सरळ रेषेत नव्वदच्या आतबाहेर. त्या दिवसापासून पूर्वेकडच्या राज्यातला कोणी पेशंट आला की मी आधी विचारतो किती दिवस प्रवास झाला आणि मग डबा देतो, कारण बऱ्याचदा दोन दिवस नीट जेवलेले नसतात.

अक्षवृत्त | ११ जुलै, सकाळी ६:५०

परळकर दादा, तुमची पोस्ट उद्या नववीच्या वर्गात वाचून दाखवू का? आम्ही "सापेक्ष स्थान" शिकवतो ते मुलांना पाठ होतं पण कळत नाही.

परळकर | ११ जुलै, सकाळी ९:००

जरूर वाचा.

निवडुंग | ११ जुलै, सकाळी १०:२५

एक शंका. विमान बांगलादेशावरून जातं मग त्याला कसं चालतं? जमिनीवर व्हिसा आणि आकाशात काही नाही?

सह्यकडा | ११ जुलै, दुपारी २:१५

परवानगी लागतेच, पण ती विमान कंपनी घेते, आणि प्रत्येक देश आपल्या हद्दीतून जाणाऱ्या विमानाकडून मार्गदर्शनाचे पैसे घेतो. प्रवाशाला काही करावं लागत नाही. कोलकात्याहून उड्डाणापासून उतरेपर्यंत तासभर फक्त. आगरतळ्याचा विमानतळ सुद्धा जुना आहे, १९४२ मधे महाराजा बीर बिक्रम यांनी दिलेल्या जागेवर बांधला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दल वापरत होतं. आता त्यांचंच नाव आहे त्याला. सीमेला अगदी लागून आहे.

रानजाई | १४ जुलै, रात्री ९:३०

अपडेट देते. सर्जनशी बोललो, त्यांनी ओपीडी सरांनी लिहिलं तेच सगळं सांगितलं आणि रेल्वेचा डोंगरी टप्पाही नको म्हणाले. यांना फार वाईट वाटलं, दोन दिवस नीट बोलले नाहीत. मुलगाच त्यांना म्हणाला बाबा तुम्ही दिवाळीला या, तोपर्यंत मी तुम्हाला दाखवण्यासारख्या जागा शोधून ठेवतो. कांचनजंगाची माझी आणि मुलाची थर्ड एसीची तिकिटं काढलीत, २ ऑगस्टची, आत्ता आरएसी आहे. यांच्याजवळ माझा भाऊ येऊन राहणार आहे.

कॅम्पातली | १४ जुलै, रात्री ९:४८

खिडकी मिळाली तर हाफलाँगचा टप्पा चुकवू नका, दिवसा येईल. आणि कोरडा खाऊ भरपूर घ्या, गाडी लेट झाली की पँट्रीवर भरवसा ठेवू नका.

रानजाई | ९ ऑगस्ट, सायंकाळी ७:२०

पोचलो, मुलगा हॉस्टेलवर लागला, मी परत आले (येताना मात्र विमानाने). सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून लिहितेय.

गाडी चार तास लेट झाली, तशी काही वाईट नाही. पहिला दिवस बंगाल बघण्यात गेला, फरक्क्याला गंगा एवढी मोठी की मुलगा एकसारखा मोजत होता किती वेळ पूल चालतो. रात्री झोपलो, सकाळी आसाम. लुमडिंगनंतर जे सुरू झालं ते कसं सांगू, बोगदा, दरी, बोगदा, ढग खाली आणि गाडी वर, ठिकठिकाणी ताज्या मातीवर ताडपत्र्या टाकलेल्या आणि पावसात उभे असलेले रेल्वेचे लोक, हातात झेंडी. एका ठिकाणी गाडी इतकी हळू गेली की खालच्या माणसाचा चेहरा नीट दिसत होता. मला खडी_आणि_रूळ दादांची आठवण आली. मुलाला म्हटलं हात कर, त्याने केला, त्या माणसानेही केला.

आमच्या समोर धर्मनगरचं एक कुटुंब होतं, आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांचं माहेर कुमिल्ल्याचं, आता बांगलादेशात. मी विचारलं परत गेलात का कधी. म्हणाल्या एकदा, एकाहत्तरनंतर. एकाहत्तरच्या युद्धात एवढे लोक त्रिपुरात आले होते की राज्यातल्या जवळपास प्रत्येक माणसामागे एक निर्वासित झाला होता, त्यांच्या अंगणात तीन कुटुंबं राहत होती. मग म्हणाल्या आमचं घर आगरतळ्याहून दोन तासावर होतं. दोन तास, असं दोनदा म्हणाल्या.

त्यांनी आम्हाला मुरमुऱ्याचा लाडू दिला, मी त्यांना आपल्या भाकरवड्या दिल्या. मुलाचा नंबर घेऊन ठेवलाय त्यांच्या मुलाने, काही लागलं तर फोन कर म्हणाले.

आणि परत येताना विमान. बसले, पाणी दिलं, पुढच्या सीटच्या खिशातलं मासिक पुरतं चाळून व्हायच्या आत कोलकाता. खाली सगळं पाणीच पाणी, मधे मधे हिरवं. जाताना अडतीस तासांवर आणखी चार तास जिथे घालवले ते सगळं तासाभरात मागे गेलं, मला रडूच आलं, का ते सांगता येणार नाही.

खडी_आणि_रूळ | ९ ऑगस्ट, रात्री ८:४०

ताई, हात केलात ते फार बरं केलंत. पावसाळ्यात ती माणसं बारा-बारा तास रुळावर असतात.

ओपीडी | १० ऑगस्ट, सकाळी ७:३०

छान झालं. मिस्टरांचा डोळा कसा आहे?

रानजाई | १० ऑगस्ट, सकाळी ९:१०

बुडबुडा आता निम्म्याच्या खाली आलाय डॉक्टर, पाण्याची पातळी हलावी तशी रेघ दिसते म्हणतात.

रानजाई | १९ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा! आगरतळ्याहून लिहितेय. यांचा गॅस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पूर्ण गेला होता, सर्जननी लेखी परवानगी दिली आणि काल संध्याकाळच्या विमानाने आम्ही दोघं आलो. दुर्गापूजेत तिकिटं हाताबाहेर होती म्हणून थांबलो.

खिडकी यांना दिली. अंधार पडला होता. उतरायच्या थोडं आधी यांनी मला हाक मारली, बघ म्हणाले. खाली काळोखात पिवळ्या दिव्यांची एक लांबच लांब माळ, वळणं घेत गेलेली, गावांच्या दिव्यांपेक्षा वेगळी, सलग. मला वाटलं रस्ता असेल. बाजूचे त्रिपुराचे गृहस्थ म्हणाले बॉर्डरचं कुंपण आहे, रात्रभर दिवे असतात. यांनी विचारलं की त्याच्या पलीकडे ती गाडी दिसतेय ती कुठली? खरंच एक छोटी उजेडाची रेघ सरकत होती. ते म्हणाले आखाउडाची असेल.

कॅम्पातली ताई, मी यांना तुमची पोस्ट तिथेच वाचून दाखवली. आज संध्याकाळी मुलगा आम्हाला चेकपोस्टकडे नेणार आहे.